व्हॉल्यूम माउंट व्हायला दहा मिनिटं? आधी डिस्कार्ड तपासा

कुबर्नेटीजमधला पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) ‘कंटेनर क्रिएटिंग’वर अडकलेला. इव्हेंटमध्ये तेच ठरलेलं वाक्य: व्हॉल्यूम जोडता किंवा माउंट करता आला नाही, वाट पाहण्याची मुदत संपली. चार-पाच वेळा हेच. मग कोणी हातही न लावता दहाव्या मिनिटाला पॉड आपला आपण उभा राहतो आणि पुढे महिनोन्‌महिने सुरळीत चालतो. तुमच्याकडे असं वारंवार होत असेल, विशेषतः नवीन आणि मोठ्या व्हॉल्यूमच्या बाबतीत, तर पुढचं वाचा. मी यात दोन आठवडे घालवले, आणि त्यातला निम्मा वेळ चुकीच्या जागी खणण्यात गेला.

आमची मांडणी थोडक्यात सांगतो. कुबर्नेटीजचा क्लस्टर, मागे आयस्कझीवरून (नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) येणारं सामाईक स्टोरेज, थिन प्रोव्हिजन केलेलं, म्हणजे २ टीबीचा व्हॉल्यूम मागितला तरी प्रत्यक्ष जागा लिहाल तेवढीच जाते. सीएसआय ड्रायव्हर (कुबर्नेटीज आणि स्टोरेज यांच्यातला दुवा) व्हॉल्यूम बनवतो, नोडला (क्लस्टरमधल्या एका मशीनला) जोडतो, त्यावर एक्स्ट४ ही फाइलसिस्टम टाकतो आणि माउंट करतो. (कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. हे काम करणाऱ्यांना मूळ स्पेलिंग सांगायची गरज नाही.)

पहिला संशय अर्थातच नेटवर्कवर गेला. नेहमी तिकडेच जातो. मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे अनेक मार्ग) तपासलं, स्विचचे काउंटर पाहिले, स्टोरेजवाल्यांना दोन मेल धाडले. त्यांच्याकडून उत्तर आलं की आमच्या बाजूने सर्व ठीक आहे. हे उत्तर ते प्रश्न न वाचताही देतात, पण या वेळी निदान अर्धं खरं होतं. नंतर वाटलं एफएसग्रुपचा घोळ असेल. पॉडच्या व्याख्येत एफएसग्रुप दिला असेल तर क्यूबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबर्नेटीजचा एजंट) माउंटच्या वेळी प्रत्येक फाइलची मालकी बदलत बसतो, आणि लाखो फाइली असतील तर त्यातच अर्धा तास जातो. पण आमचा त्रास नव्या कोऱ्या व्हॉल्यूमला होत होता. त्यात फाइलच नाही तर मालकी कोणाची बदलणार? ही खूण लक्षात ठेवा: एफएसग्रुपचा वेळ फाइलींच्या संख्येवर वाढतो, डिस्कार्डचा (तो काय ते पुढे येतंच) वेळ व्हॉल्यूमच्या आकारावर.

शेवटी एकदा पॉड अडकलेला असतानाच नोडवर लॉगिन केलं आणि प्रोसेसची यादी काढली. तिथे एमकेएफएस डॉट एक्स्ट४ (एक्स्ट४ फॉरमॅट करणारी कमांड) बसला होता, अवस्थेच्या रकान्यात डी. म्हणजे कर्नलच्या आत आयओची वाट पाहत झोपलेला. त्याच्या प्रोसेस क्रमांकाखालची /प्रॉक/…/स्टॅक ही फाइल उघडली तर वरून खाली सबमिट_बायो_वेट, ब्लॉकडेव्ह_इश्यू_डिस्कार्ड, आणि त्याखाली आयओसीटीएल (कर्नलला डिव्हाइसवरचं काम सांगणारी हाक). पुन्हा उघडली, तेच. दहा वेळा उघडली, आठ वेळा तेच. माउंट सुरूच झालं नव्हतं! ज्याला आम्ही ‘माउंट हळू होतंय’ म्हणत होतो, ते माउंटच्या आधीचं फॉरमॅटिंग होतं, आणि फॉरमॅटिंगमधलंही प्रत्यक्ष लिहिण्याचं काम नव्हे, तर डिस्कार्ड.

डिस्कार्ड म्हणजे काय, दोन वाक्यांत. फाइल खोडली की फाइलसिस्टम आपल्या वहीत ‘हे ब्लॉक मोकळे’ असं लिहिते, पण खालच्या डिस्कला ते कळत नाही. एसएसडीला किंवा थिन स्टोरेजला ती जागा परत घेता यावी म्हणून वेगळा निरोप द्यावा लागतो, त्याला साटामध्ये ट्रिम म्हणतात, स्कझीमध्ये अनमॅप, एनव्हीएमईमध्ये डीअ‍ॅलोकेट, आणि लिनक्सच्या ब्लॉक स्तरात सगळ्यांना मिळून डिस्कार्ड.

हा निरोप फुकट नसतो. एका आज्ञेत किती जागेबद्दल बोलता येईल याला डिस्कची मर्यादा असते. साटाचं उदाहरण घ्या. ट्रिमच्या ५१२ बाइटच्या एका पानात ६४ नोंदी मावतात आणि प्रत्येक नोंद जास्तीत जास्त ६५,५३५ सेक्टरची. गुणाकार केला की २,१४,७४,५०,८८० बाइट येतात, २ जीबीला किंचित कमी. साटा एसएसडी असलेल्या मशीनवर डिस्कार्ड_मॅक्स_बाइट्समध्ये हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळे. आमच्या आयस्कझी लनवर (स्टोरेजने दिलेल्या डिस्कवर) मात्र तिथे फक्त ३२ एमबी लिहिलेलं होतं, कारण स्टोरेज तेवढंच एका वेळी घ्यायला तयार होतं. तुमच्याकडे किती आहे ते एलएसबीएलकेला मोठा डी हा पर्याय देऊन पाहता येतं. ‘डिस्क-मॅक्स’चा रकाना वाचा. तिथे शून्य असेल तर तुमची डिस्क डिस्कार्ड घेतच नाही, आणि तुमचा आजार वेगळा आहे.

आता एमकेएफएसकडे वळू. एक्स्ट४चा एमकेएफएस मुळातच, न सांगता, सबंध डिस्क आधी डिस्कार्ड करतो. २-२ जीबीच्या पावलांनी पुढे सरकतो. हाताने चालवला तर ‘डिस्कार्डिंग डिव्हाइस ब्लॉक्स’ अशी ओळ आणि तिच्यापुढे पळणारा आकडा दिसतो. ड्रायव्हरच्या आत चालतो तेव्हा ती ओळ कोणाला दिसत नाही, कारण ड्रायव्हर सगळं आउटपुट गोळा करतो आणि काम फसलं तरच छापतो. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टमही फॉरमॅट करताना हेच करतात.

आमचं गणित असं बसलं. २ टीबी भागिले ३२ एमबी, म्हणजे ६५,५३६ विनंत्या. आयओस्टॅटला (डिस्कच्या कामाचे आकडे दाखवणाऱ्या कमांडला) एक्स हा पर्याय देऊन पाहिलं तर डी/एस या रकान्यात, म्हणजे सेकंदाला डिस्कार्डच्या विनंत्या, सरासरी १२०. म्हणजे ५४६ सेकंद, नऊ मिनिटांच्या वर. प्रत्यक्ष माउंटला एक सेकंदही लागत नव्हता.

आयओस्टॅटबद्दल इथेच सांगून टाकतो. डिस्कार्डचे रकाने दिसायला कर्नल ४.१८ किंवा पुढचं लागतं, कारण त्याआधी /प्रॉक/डिस्कस्टॅट्समध्ये हे आकडे नव्हतेच. आणि सिसस्टॅटही (आयओस्टॅट ज्या संचात येतो तो) १२ च्या पुढचं हवं. जुन्या यंत्रांवर डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते, पण वाचणं शून्य आणि लिहिणं शून्य, त्यामुळे माणूस चक्रावतो. नवीन यंत्रांवर उलटी फसगत होते: डीकेबी/एस या रकान्यात आम्हाला जवळपास ३९ लाख दिसत होते. सेकंदाला जवळजवळ ४ जीबी! एका सहकाऱ्याने तो आकडा पाहून ‘डिस्क तर पळतेय’ असा निर्वाळा दिला. पळत काहीच नव्हतं. १२० निरोप गुणिले ३२ एमबी, एवढाच त्याचा अर्थ. डेटाचा एक बाइटही हलला नव्हता.

ब्लॉकट्रेस (डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांची नोंद करणारं साधन) वापरणार असाल तर आणखी एक गंमत. त्यात विनंती डिव्हाइसकडे रवाना झाली की कृतीच्या रकान्यात डी येतो, आणि विनंती डिस्कार्ड प्रकारची असेल तर प्रकाराच्या रकान्यातही डी येतो. त्यात प्रोसेसच्या अवस्थेचा डी तिसरा. तीन डी, तिघांचे अर्थ वेगळे. पहिल्या दिवशी मी भलत्याच डीच्या मागे लागलो होतो.

डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) काही मिळेल अशी आशा ठेवू नका. एरवी एखादी प्रोसेस १२० सेकंद डी अवस्थेत अडकली की कर्नल कुरकुरतं. पण कर्नल ५.७ पासून सबमिट_बायो_वेट मुद्दामच अधूनमधून जागं होऊन परत झोपतं, जेणेकरून लांबलेल्या आयओवर हा इशारा उगाच वाजू नये. हेतू चांगला आहे. आम्हाला मात्र लॉग कोरा करकरीत मिळाला.

पुन्हा पुन्हा का होतं?

इथे वेळेच्या मर्यादा एकमेकींवर आपटतात. क्यूबलेट सीएसआय ड्रायव्हरला एका हाकेसाठी २ मिनिटं देतो. पॉडच्या बाजूने व्हॉल्यूमची वाट पाहण्याची मुदत २ मिनिटं ३ सेकंद. फसलं की पुन्हा प्रयत्न, प्रत्येक वेळी दुप्पट थांबून, अर्ध्या सेकंदापासून वाढत वाढत २ मिनिटं २ सेकंदांपर्यंत. २ मिनिटांत आमचं स्टोरेज साधारण ४५० जीबी डिस्कार्ड करायचं. म्हणून १०० जीबीचा व्हॉल्यूम अर्ध्या मिनिटात मिळायचा आणि कोणी तक्रार करायचं नाही, ४०० जीबीचा कसाबसा वेळेत बसायचा, आणि ५०० च्या वर गेलं की बोंब. ‘फक्त मोठ्या व्हॉल्यूमलाच का?’ या प्रश्नाचं उत्तर हे. आपल्याकडची सीमा कुठे आहे ते असंच काढा: डी/एस गुणिले डिस्क-मॅक्स गुणिले १२० सेकंद. तुमच्या तक्रारी नेमक्या त्या आकारापासून सुरू होत असतील तर रोग सापडला समजा.

हाकेची मुदत संपली तरी बहुतेक ड्रायव्हरांत आतला एमकेएफएस चालूच राहतो. क्यूबलेट पुन्हा विचारतो, ड्रायव्हर म्हणतो, याच व्हॉल्यूमवर आधीचं काम सुरू आहे, थांबा. नवव्या-दहाव्या मिनिटाला काम संपतं, पुढच्या प्रयत्नात बीएलकेआयडीला (डिस्कवरची फाइलसिस्टम ओळखणाऱ्या कमांडला) डिस्कवर एक्स्ट४ दिसतं, फॉरमॅट टळतं, एफएससीकेची (फाइलसिस्टम तपासणाऱ्या कमांडची) झटपट तपासणी आणि माउंट. पॉड उभा. म्हणून हा दोष ‘आपोआप बरा’ होतो आणि म्हणूनच त्याच्या मुळाशी कोणी जात नाही.

पण एक दिवस तो दोन तास बरा झाला नाही, आणि त्याला कारण मी. पॉड अडकला की ड्रायव्हरचा पॉड रिस्टार्ट करायचा, हा आमचा घरगुती उपाय होता. रिस्टार्ट केला की कंटेनरबरोबर आतला एमकेएफएसही मरतो. एक्स्ट४चा एमकेएफएस सुपरब्लॉक (फाइलसिस्टमची ओळख सांगणारी मुख्य नोंद) लिहितो तो डिस्कार्ड झाल्यानंतर. म्हणजे मध्येच मेला तर डिस्क बीएलकेआयडीच्या नजरेत कोरीच. ड्रायव्हर परत येतो, डिस्क कोरी पाहतो, एमकेएफएस पहिल्या ब्लॉकपासून सुरू करतो. पहिले पाढे पंचावन्न! मी दर सात-आठ मिनिटांनी, अगदी संपत आलं असताना, त्याला मारत होतो. ड्रायव्हरची लाइव्हनेस तपासणी (प्रतिसाद नसेल तर कंटेनर रिस्टार्ट करणारी) फार कडक ठेवलेली असेल तर हेच काम क्लस्टर स्वतः, कोणी न सांगता, रात्रभर करत राहतो.

तेव्हा पहिली सूचना: अडकलेलं दिसलं की ड्रायव्हरला हात लावू नका. आधी नोडवर जाऊन एमकेएफएस जिवंत आहे का पाहा. जिवंत असेल तर त्याला संपू द्या.

जुन्या एक्सएफएसवाल्यांना आणखी एक इशारा. पूर्वी एमकेएफएस डॉट एक्सएफएस सबंध डिस्कचं डिस्कार्ड एकाच आयओसीटीएलमध्ये मागायचा. तो एकदा आत गेला की किल -९ ही चालत नाही, प्रोसेस संपेपर्यंत कंटेनर ‘टर्मिनेटिंग’मध्ये लोंबकळत राहतो. नंतरच्या एक्सएफएसप्रॉग्जमध्ये (एक्सएफएसच्या साधनांच्या संचात) तेही २ जीबीच्या तुकड्यांत आणलं गेलं. ड्रायव्हरच्या इमेजमध्ये कोणती आवृत्ती भरली आहे ते एकदा पाहून ठेवा.

उपाय, आणि मी आधी केलेली चूक

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे मुदत वाढवणं. करू नका. ४ टीबीचा व्हॉल्यूम आला की परत तिथेच.

खरा प्रश्न असा विचारा: नुकत्याच जन्मलेल्या थिन व्हॉल्यूमवर डिस्कार्ड करायचं कशासाठी? त्यात एकही ब्लॉक खरा दिलेलाच नाही. रिकाम्या घराला कुलूप उघडून झाडू मारण्यासारखं आहे ते, तेही ६५,५३६ वेळा. तेव्हा फॉरमॅट करतानाचं डिस्कार्ड बंद करणं हाच उपाय. एक्स्ट४च्या एमकेएफएसला मोठ्या ई या पर्यायापुढे नोडिस्कार्ड द्यायचं. एक्सएफएस आणि बीटीआरएफएसला मोठा के. तुमचा ड्रायव्हर स्टोरेजक्लासमधून (व्हॉल्यूम कसा बनवायचा याच्या कुबर्नेटीजमधल्या व्याख्येतून) फॉरमॅटचे पर्याय घेत असेल तर तिथेच द्या आणि मोकळे व्हा.

आमचा घेत नव्हता. मग एमकेई२एफएस डॉट कॉन्फ. /ईटीसीमधल्या या फाइलीत ‘डिफॉल्ट्स’च्या खाली डिस्कार्ड बरोबर शून्य लिहिलं की एमकेएफएस न सांगता डिस्कार्ड करणं सोडतो. मी ते ऑटोमेशनने सगळ्या नोडवर पसरवलं, चाचणीचा व्हॉल्यूम मागितला, आणि घड्याळाकडे पाहत बसलो. नऊ मिनिटं. परत एकदा. नऊ मिनिटं सात सेकंद.

चूक लक्षात यायला जेवणाची सुट्टी जावी लागली. एमकेएफएस नोडवर चालतो खरा, पण ड्रायव्हरच्या कंटेनरमधून. तो वाचतो ती कंटेनरमधली /ईटीसी. नोडवरच्या फाइलीशी त्याला देणंघेणं नाही. उपाय दोन: बदललेली फाइल कॉन्फिगमॅपमधून (कुबर्नेटीजमध्ये सेटिंग्ज ठेवायच्या जागेतून) कंटेनरमध्ये माउंट करा, किंवा ती दुसऱ्या जागी ठेवून एमकेई२एफएस_कॉन्फिग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. आम्ही पहिला मार्ग घेतला. इमेजमधली मूळ फाइल उचलून तिच्यात एक ओळ वाढवायची. कोरी फाइल ठेवू नका, नाहीतर एक्स्ट४ची नेहमीची वैशिष्ट्यं गायब होतील आणि मग दुसऱ्याच विषयावर डोकं खाजवत बसाल. यानंतर २ टीबीचा व्हॉल्यूम सहा सेकंदांत तयार झाला.

तातडीचा मार्गही आहे. /सिस/ब्लॉकखाली त्या डिस्कच्या क्यू फोल्डरात डिस्कार्ड_मॅक्स_बाइट्स ही फाइल लिहिता येते. तिच्यात शून्य लिहिलं की कर्नल त्या डिस्कवर डिस्कार्ड बंद करतं, आणि पुढे सुरू होणारा एमकेएफएस ‘हे इथे चालत नाही’ म्हणून पुढे सरकतो. शून्याऐवजी छोटा आकडा लिहिला तर विनंत्या लहान होतात; एका मोठ्या विनंतीमागे बाकीचं आयओ तुंबत असेल तर त्याने आराम पडतो, पण एकूण वेळ कमी होत नाही. रात्री तीन वाजता हे ठीक आहे. यूडेव्हच्या (डिव्हाइस जोडलं की आपोआप लागू होणाऱ्या) नियमात कायमचं टाकून विसरून मात्र जाऊ नका. मग एफएसट्रिमही (मोकळ्या जागेचं डिस्कार्ड करणारी कमांड) चालत नाही, थिन स्टोरेजला जागा कधीच परत मिळत नाही, आणि काही महिन्यांनी स्टोरेजवालेच तुम्हाला मेल पाठवतात.

नोडिस्कार्ड केलं की नंतर पार्श्वभूमीत फार लिहिलं जातं, अशी एक तक्रार ऐकू येते. एक्स्ट४लेझीइनिट हा कर्नल थ्रेड माउंटनंतर आयनोडची (फाइलींची माहिती ठेवणाऱ्या नोंदींची) कोष्टकं शून्याने भरत असतो, हे खरं. नेहमीच्या हिशेबाने दर १६ केबीला एक आयनोड, प्रत्येकी २५६ बाइट, म्हणजे २ टीबीला ३२ जीबी. पण त्याचा नोडिस्कार्डशी संबंध आता उरलेला नाही. पूर्वी डिस्कार्डनंतर शून्यच वाचायला मिळतील असं आश्वासन डिस्क देऊ शकायची, आणि मग एमकेएफएस ते भरणं टाळायचा. कर्नल ४.१२ पासून त्या प्रश्नाला कर्नल सरसकट ‘नाही’ म्हणतं. तेव्हा डिस्कार्ड केलं काय, न केलं काय, हा थ्रेड चालणारच. त्याचा त्रास होत असेल तर इनिट_आयटेबल या माउंट पर्यायाने त्याला हळू करता येतं.

जुने व्हॉल्यूमही अडकतात तेव्हा

नव्यांचा प्रश्न मिटला आणि आम्ही तिकीट बंद केलं. आठवड्याने ते कोणीतरी उघडलं. या वेळी व्हॉल्यूम जुना, फॉरमॅटचा प्रश्नच नाही. डेटाबेसचा पॉड एका नोडवरून दुसऱ्यावर हलला आणि नवीन नोडवर सहा मिनिटं अडकला.

या वेळी नवीन नोडवर काहीच चालू नव्हतं. गडबड जुन्या नोडवर होती. आमच्या स्टोरेजक्लासच्या माउंट पर्यायांत कोणीतरी (इतिहास पाहिला, तोही मीच) डिस्कार्ड लिहून ठेवलं होतं. या पर्यायाने फाइल खोडली की लगेच तिच्या ब्लॉकचं डिस्कार्ड निघतं. डेटाबेसने हलण्याआधी जुने लॉग साफ केले होते, दीड-दोनशे जीबी, हजारो तुकड्यांत विखुरलेले. अलीकडच्या कर्नलमध्ये एक्स्ट४ ही डिस्कार्डची कामं रांगेत टाकून मागे करतं, त्यामुळे खोडणाऱ्याला काही जाणवत नाही. पण अनमाउंट करताना ती सगळी रांग संपेपर्यंत थांबावंच लागतं. जुना नोड अनमाउंटमध्ये अडकलेला, तोवर व्हॉल्यूम सुटत नाही, तोवर नवीन नोडला मिळत नाही. आणि नोडच प्रतिसाद देत नसेल तर कुबर्नेटीज जबरदस्तीने व्हॉल्यूम सोडवण्याआधी ६ मिनिटं थांबतं. नवीन नोडवर ‘माउंट हळू’, दुखणं मात्र शेजारच्या नोडवर.

उपाय म्हणजे माउंटचा डिस्कार्ड पर्याय काढणं. पण स्टोरेजक्लासमधून काढून भागत नाही. तो बदल पुढच्या व्हॉल्यूमना लागू होतो. आधी बनलेल्या प्रत्येक पर्सिस्टंट व्हॉल्यूमच्या व्याख्येत जुना पर्याय कॉपी होऊन बसलेला असतो. तो एकेका ठिकाणी जाऊन काढावा लागतो, आणि परिणाम पुढच्या माउंटला दिसतो. चालू असलेल्यांना नोडवर रीमाउंट करून नोडिस्कार्ड देता येतं.

आमच्या दोन व्हॉल्यूमवर एवढं करूनही डिस्कार्ड चालूच होतं. /प्रॉक/माउंट्समध्ये त्याचं नाव नाही, व्याख्येत नाही, कुठेच नाही. मग कळलं की ट्यून२एफएसच्या (एक्स्ट४ची सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडच्या) छोट्या ओ पर्यायाने डिस्कार्ड थेट सुपरब्लॉकमध्ये कोरता येतं, आणि सुपरब्लॉकमधून आलेला पर्याय एक्स्ट४ /प्रॉक/माउंट्समध्ये दाखवत नाही. तो दिसतो /प्रॉक/एफएस/एक्स्ट४ च्या खाली त्या डिस्कच्या ‘ऑप्शन्स’ फाइलीत, किंवा ट्यून२एफएसला छोटा एल देऊन ‘डिफॉल्ट माउंट ऑप्शन्स’ या ओळीत. हे व्हॉल्यूम जुन्या क्लस्टरवरून आणलेले होते. तिथे हे कोणी कोरलं होतं त्याचा शोध मी घेतला नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

सोमवारची रात्र

डिस्कार्ड काढलं तर मोकळी जागा स्टोरेजला परत द्यायची कशी? एफएसट्रिमने, ठरावीक वेळी. बहुतेक वितरणांत एफएसट्रिम डॉट टायमर असतो, आठवड्यातून एकदा चालतो. तो चालू आहे ना पाहिलं, होता. तरी स्टोरेजवरची वापरलेली जागा दोन आठवडे कमी होईना.

सर्व्हिसची फाइल उघडल्यावर कारण दिसलं. ती एफएसट्रिमला एफएसटॅब (बूट होताना माउंट करायच्या डिस्कची यादी) आणि माउंटइन्फो (आत्ता माउंट असलेल्यांची) अशा दोन याद्या देते, पण नियम असा की त्यातली पहिली न-रिकामी यादीच वापरायची. नोडच्या एफएसटॅबमध्ये रूट आणि बूटच्या ओळी असतात, त्यामुळे यादी तिथेच संपते. क्यूबलेटने माउंट केलेले पॉडांचे व्हॉल्यूम एफएसटॅबमध्ये कधीच नसतात. म्हणजे ते कधीच ट्रिम होत नव्हते. सर्व्हिसला ओव्हरराइड करून छोट्या ए पर्यायाने, म्हणजे माउंट असलेल्या सगळ्यांवर, एफएसट्रिम लावलं. मोठा ए नको, तो पुन्हा एफएसटॅबच वाचतो. एका अक्षराचा फरक आहे, जपून.

पुढच्या सोमवारी पहाटे फोन आला. सगळ्या क्लस्टरमध्ये माउंट हळू.

टायमरमधला ‘वीकली’ म्हणजे सोमवार मध्यरात्र. आमच्या आवृत्तीत तो वेळ तासाभरात पसरतो, त्याहून जास्त नाही. सगळे नोड, सगळे व्हॉल्यूम, एकाच स्टोरेजवर, एकाच तासात ट्रिम करायला धावले. त्यात एक्स्ट४ कोणते गट आधी ट्रिम झाले ते फक्त मेमरीत लक्षात ठेवतं, अनमाउंट झालं की विसरतं, त्यामुळे पहिल्या खेपेला प्रत्येक व्हॉल्यूमची सगळी मोकळी जागा नव्याने गेली. स्टोरेजची अनमॅपची रांग तुंबली आणि साध्या माउंटचं वाचन-लेखनही तिच्या मागे उभं राहिलं. मी डिस्कार्डला दारातून बाहेर काढून खिडकीतून आत घेतलं होतं.

आता नोड सात गटांत वाटले आहेत, प्रत्येक गटाला आठवड्याचा वेगळा वार, आणि टायमरच्या रँडमाइज्डडिलेसेकमध्ये चार तास. एफएसट्रिमला छोटा एम देऊन ठरावीक आकारापेक्षा लहान मोकळे तुकडे सोडून देता येतात, आम्ही १ एमबी ठेवला आहे. थिन स्टोरेज तसंही स्वतःच्या ठोकळ्याहून लहान तुकडा परत घेत नाही, मग त्यासाठी आज्ञा कशाला खर्च करायच्या. पहाटे डी/एस आता तीस-चाळीसच्या वर जात नाही आणि त्या वेळात मागितलेला नवा व्हॉल्यूमही दहा सेकंदांच्या आत मिळतो.

एक वेगळी मांडणी आमच्याकडे आहे, तिला हे जसंच्या तसं लावलं नाही. काही नोडवर स्थानिक एसएसडी आहेत आणि एका कामाची डिस्क पुसून दुसऱ्याला दिली जाते. तिथे डिस्क रिकामी नसते, जुन्या डेटाने भरलेली असते, आणि डिस्कार्ड केलेलं एसएसडीला खरंच उपयोगी पडतं. तिथे एमकेएफएसमधलं डिस्कार्ड बंदच आहे, पण डिस्क परत येताना, कोणी वाट पाहत नसताना, साफसफाईच्या जॉबमध्ये बीएलकेडिस्कार्ड (सबंध डिस्क डिस्कार्ड करणारी कमांड) चालवतो. तेवढाच वेळ जातो, फक्त पॉडच्या खात्यात जमा होत नाही. त्यातल्या दोन नोडवर सॉफ्टवेअर रेड१० (डेटा तुकड्यांत अनेक डिस्कवर वाटून त्याची प्रतही ठेवणारी मांडणी) आहे आणि कर्नल जुनं आहे. तिथलं रेड१० डिस्कार्डची विनंती चंकच्या (त्या एका तुकड्याच्या) आकाराने चिरतं. ५१२ केबीचा चंक आणि ४ टीबीची जागा म्हटली की सुमारे ८४ लाख तुकडे होतात. तिथे रेडवर नाही, तर रेड बांधण्याआधी सुट्या डिस्कवर बीएलकेडिस्कार्ड चालवतो, आणि कर्नल बदलेपर्यंत तसंच चालवणार आहे.